पदक आणि पगार : स्टेशन एजंट केट शेली

 गोठ्यातली कामं उरकून, चुलीवरचं भांडं खाली उतरवून तुम्ही रेडिओजवळ आला असाल. काही ठिकाणी बचत गटाच्या बैठकीत सगळ्याजणी मिळून ऐकत असाल. 

आज मी तुम्हांला एका परदेशी बाईची हकीगत सांगणार आहे. तिचं नाव केट शेली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मॉइंगोना नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनची ती एजंट होती. केटचं नाव ज्यांना माहीत असतं, त्यांना तिची एक रात्र माहीत असते. पुरात पूल वाहून गेला आणि एक मुलगी रांगत रांगत दुसरा पूल ओलांडून गेली, ती रात्र. मीही ती रात्र सांगणारच आहे. पण त्या रात्रीनंतर केट आणखी तीस वर्षं जगली. ती तीस वर्षं फारसं कुणी सांगत नाही. आपल्याला मात्र त्याच तीस वर्षांत जास्त रस आहे, कारण घर चालवायचं असतं ते त्या वर्षांत.

आधी एजंट म्हणजे कोण ते बघू. एजंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विम्याचे हप्ते गोळा करणारा माणूस येतो. हा एजंट वेगळा. अमेरिकेत लहान गावातल्या स्टेशनवर रेल्वे कंपनीच्या वतीनं सगळा कारभार पाहणारी जी एक व्यक्ती असे, तिला स्टेशन एजंट म्हणत. आपल्या स्टेशनमास्तरसारखीच, पण कामं त्याहून पसरलेली. तिकिटं विकायची. शेतकऱ्यांनी आणलेला माल तोलून घ्यायचा, त्याची बिल्टी करायची, कुणाला किती डबे लागतील ते कंपनीला कळवायचं. आलेलं पार्सल ज्याचं त्याला सही घेऊन द्यायचं. टपालाच्या पिशव्या गाडीत चढवायच्या, उतरवून घ्यायच्या. बहुतेक ठिकाणी तारयंत्रही एजंटच चालवत असे. म्हणजे कुणाच्या घरी जन्म झाला, कुणाचा मुलगा गेला, निवडणुकीत कोण जिंकलं, हे सगळं गावात सर्वांत आधी एजंटला कळायचं. शिवाय रोजचा पैशाचा हिशोब चोख लागायचा. तूट आली तर जबाब एजंटनं द्यायचा.

त्या काळी धान्य, डुकरं, कोळसा बाहेर जायचा तो स्टेशनातून. कापड, औजारं, औषधं आत यायची तीही तिथूनच. त्यामुळे एजंटच्या खिडकीसमोर उभं राहिल्याशिवाय गावातल्या कुणाचंच काम होत नसे. या जागेची ताकद किती होती त्याचा एक दाखला देते. मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्या स्टेशनवर रिचर्ड सीअर्स नावाचा एजंट होता. १८८६ मध्ये घड्याळांचं एक पार्सल गावातल्या दुकानदारानं घ्यायला नकार दिला. सीअर्सनं ते स्वतः घेतलं आणि आसपासच्या एजंटांमार्फत घड्याळं विकली. त्यातूनच पुढे टपालानं माल पाठवणारी अमेरिकेतली एक फार मोठी कंपनी उभी राहिली. स्टेशनातली खुर्ची साधी दिसली तरी सगळं गाव तिच्यासमोरून जात होतं, म्हणून हे घडू शकलं.

आता केटकडे वळू. केटचा जन्म आयर्लंडमधला. ती लहान बाळ असतानाच आईवडील पोटापाण्यासाठी अमेरिकेत आले. तिच्या जन्मतारखेचा घोळ आहे. चर्चच्या नोंदीत १८६३ साल आहे, पण ती स्वतः १८६५ मानत असे. आपल्या आयाआज्यांचंही असंच असतं, नाही का? वडील मायकेल रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या गँगचे मुकादम होते. कंपनी होती शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न. घर मॉइंगोनाजवळ, हनी क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी, रुळाच्या अगदी जवळ होतं. थोडी शेती होती, जनावरं होती.

१८७८ मध्ये वडील वारले. मागे आजारी आई आणि लहान भावंडं. केट सर्वांत मोठी. चर्चच्या नोंदीतलं साल धरा की तिनं मानलेलं धरा, मुलगी बारा ते चौदा वर्षांची. तिनं नांगर धरला, पेरणी केली, काढणी केली, बंदूक घेऊन शिकारही केली. त्यातच तिचा भाऊ जेम्स जवळच्या डी मॉइन नदीत पोहताना बुडाला. घरातली मोठी मुलगी बापाच्या जागी उभी राहते तेव्हा तिचं बालपण कुठं जातं, हे तुमच्यातल्या किती जणींना मी सांगायची गरज नाही.

आता ती रात्र. ६ जुलै १८८१. दुपारपासून वादळी पाऊस सुरू झाला. हनी क्रीक फुगला. पाणी गोठ्यापर्यंत आलं तेव्हा केटनं जनावरं मोकळी केली. ओढ्यावर रेल्वेचा लाकडी पूल होता, त्याचे खांब पाण्याच्या लोंढ्यानं सैल होत चालले होते.

मॉइंगोना स्टेशनवर एक जादा इंजिन उभं असे. नदीच्या खोऱ्यातून वर चढणाऱ्या जड गाड्यांना मागून रेटा द्यायला ते लागायचं. पावसानं रुळाची काय स्थिती झाली आहे हे पाहायला त्या रात्री ते इंजिन चार माणसांसह पाठवलं गेलं. डी मॉइन नदीवरचा मोठा पूल त्यानं ओलांडला. मग रात्री अकराच्या सुमारास ते हनी क्रीकच्या पुलावर आलं आणि पुलासकट खाली पाण्यात कोसळलं.

घरात केटनं तो आवाज ऐकला. आवाज ऐकताच काय झालं ते तिला कळलं. इथं जरा थांबून विचार करा. बाहेर किर्र अंधार, वीज कडाडते आहे, पाऊस कोसळतो आहे. अशा वेळी नुसत्या आवाजावरून एका मुलीला कळतं की इंजिन पडलं. आणि लगेच दुसरी गोष्टही तिच्या ध्यानात येते. मध्यरात्रीच्या सुमाराला पश्चिमेकडून प्रवासी गाडी मॉइंगोनाला येते आणि पूर्वेकडे याच रुळावरून जाते. ती गाडी इथवर आली तर माणसांनी भरलेले डबे याच ओढ्यात जातील. हे वेळापत्रक तिला कुणी त्या क्षणी सांगितलं नव्हतं. रुळाकाठी वाढलेली, गँगच्या मुकादमाची मुलगी होती ती. गाड्यांच्या वेळा तिच्या अंगात मुरलेल्या होत्या. लोक तिच्या धैर्याचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण त्या रात्री धैर्याच्या आधी कामाला आलं ते तिचं ज्ञान.

ती कंदील घेऊन बाहेर पडली. ओढ्याकाठी गेली तर इंजिनवरचे दोघेजण पुराच्या पाण्यात झाडांना धरून तग धरून होते. मदत आणते, असं तिनं त्यांना ओरडून सांगितलं. आता मदत कुठून आणायची? स्टेशनवरून. आणि स्टेशन नदीच्या पलीकडे. मध्ये डी मॉइन नदीवरचा रेल्वेचा पूल, सुमारे सातशे फूट लांब. त्यावर माणसानं चालायची वाट नव्हती. रुळांखालचे लाकडी स्लीपर आणि दोन स्लीपरच्या मध्ये मोकळी फट, खाली पुराचं पाणी. वाऱ्यापावसात कंदील विझला. मग केट गुडघ्यांवर आणि हातांवर आली आणि एकेक स्लीपर चाचपत पुढे सरकू लागली. वीज चमकली की पुढचं लाकूड दिसायचं, मग पुन्हा काळोख. ज्या नदीनं तिचा भाऊ नेला, त्याच नदीवर, पुराच्या रात्री, ती अशी रांगत पलीकडे गेली. आणि तिथून धावत स्टेशन गाठलं.

तिनं बातमी दिली. प्रवासी गाडी मॉइंगोनाच्या अलीकडेच थांबवलेली राहिली. गाडीत सुमारे दोनशे माणसं होती. केट मात्र स्टेशनवर बसून राहिली नाही. मदतीला निघालेल्या माणसांना वाट दाखवत ती परत गेली. पाण्यातले दोघे वाचले. एकजण दोराच्या आधारानं बाहेर आला, दुसऱ्याला पाणी ओसरू लागल्यावर काढता आलं. इंजिनवरचे उरलेले दोघे मात्र गेले. एकाचा मृतदेह पुढे मक्याच्या शेतात सापडला, दुसऱ्याचा सापडलाच नाही.

बातमी देशभर पसरली आणि कौतुकाचा पाऊस पडला. केटला काय काय मिळालं ते पाहा. गाडीतल्या प्रवाशांनी वर्गणी काढली. डब्यूक शहरातल्या मुलांनी पदक दिलं. आयोवा राज्यानं टिफनी या नामांकित पेढीकडून घडवलेलं पदक आणि दोनशे डॉलर दिले. रेल्वेच्या कंडक्टर लोकांच्या संघटनेनं सोन्याचं घड्याळ आणि साखळी दिली. रेल्वे कंपनीनं शंभर डॉलर, अर्धं पिंप पीठ, थोडा कोळसा आणि आयुष्यभराचा मोफत पास दिला.

या यादीकडे गृहिणीच्या नजरेनं बघा. पदक पेटीत राहतं. घड्याळ अडीनडीला मोडता येतं, पण देणाऱ्याचा मान म्हणून मोडवत नाही. पास आहे, पण प्रवासाला निघायचं तर घरी दूध कोण काढणार? पीठ आणि कोळसा मात्र त्या महिन्यात खरोखर उपयोगी पडला असणार. आजारी आई, पाठची भावंडं आणि विहिरीसारखं कधी न भरणारं घर. पीठ संपलं की पुन्हा प्रश्न तोच. केट स्वतःही त्या रात्रीच्या श्रमानं बराच काळ अंथरुणाला खिळली होती.

एका बाईनं वेगळा विचार केला. तिचं नाव फ्रान्सिस विलर्ड. अमेरिकेत दारूबंदीसाठी स्त्रियांची जी मोठी संघटना होती, तिच्या त्या अध्यक्षा. गावातली बाटली आडवी करायला आपल्यातल्या किती जणी मतदानाला उभ्या राहिल्या असतील, त्यांना ही बाई जवळची वाटेल. विलर्डबाईंनी पाहिलं की या मुलीचं शिक्षण अर्धवट राहिलं आहे. आयोवातल्या सिम्पसन कॉलेजच्या प्रमुखांच्या पत्नी, इझाबेला पार्क्स, या त्यांच्या ओळखीच्या. विलर्डबाईंनी त्यांना पत्र लिहिलं, पंचवीस डॉलर देऊ केले. पार्क्सबाईंनी आणखी पैसे गोळा केले आणि १८८३-८४ मध्ये केट कॉलेजात गेली. पदकं बहुतेक पुरुषांच्या सभांतून आली. शाळेची वाट दोन बायकांनी उघडली, हे ध्यानात ठेवू या.

पण पुढच्या वर्षी केट कॉलेजात परत गेली नाही. घरी कमावणारं कुणीतरी लागत होतं. फी भरायला मदत मिळते, पण मुलगी शिकायला गेली की तिची घरातली मजुरी बुडते, ती कोण भरून देणार? आजही शिष्यवृत्ती मिळूनसुद्धा मुली घरी परत येतात, त्यामागं हाच हिशोब असतो.

मग केटनं मिळेल ते काम केलं. शाळेत शिकवलं. इतरही कामं केली. घरावर गहाणाचं कर्ज होतं. त्या रात्रीला नऊ वर्षं झाली, १८९० साल आलं, तरी कर्ज डोक्यावर होतंच. तेव्हा ही गोष्ट शिकागोच्या लोकांच्या कानावर गेली. तिथं एक गालिचा लिलावात काढून पैसे उभे केले आणि त्यातून कर्ज फेडायला मदत झाली. चांगलंच झालं. पण विचार करा, जिच्या नावाची पदकं आहेत, जिची गोष्ट देशभर सांगितली जाते, तिचं छप्पर वाचवायला कुणाचा तरी गालिचा विकावा लागतो. दया वेगळी आणि कमाई वेगळी. दयेची वाट पाहावी लागते, कमाई महिन्याच्या महिन्याला हातात येते.

अशी बावीस वर्षं गेली. मधल्या काळात रेल्वेही बदलली. नदीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा वर चढणारा जुना मार्ग कंपनीला अडचणीचा होता. म्हणून बून शहराजवळ तिनं थेट खोऱ्यावरून जाणारा मोठा लोखंडी पूल बांधला, १८५ फूट उंच आणि २,६८५ फूट लांब. १९०१ मध्ये तो पुरा झाला. मोठ्या गाड्या वरून जाऊ लागल्या. मॉइंगोनावरून जाणारा रस्ता नुसता फाटा होऊन राहिला. आपल्याकडे नवा हायवे झाला की जुन्या रस्त्यावरच्या गावाची बाजारपेठ ओस पडते, तसंच. त्याच वर्षी मॉइंगोनाचं जुनं स्टेशनही जळालं. त्या जागी नवं बांधलं गेलं.

आणि १९०३ मध्ये त्या नव्या स्टेशनची एजंट म्हणून रेल्वेनं केट शेलीला नेमलं. ज्या स्टेशनवर ती एका रात्री भिजलेल्या कपड्यांनी धापा टाकत पोचली होती, त्याच गावच्या स्टेशनची चावी आता तिच्या हातात आली. चर्चच्या नोंदीप्रमाणे ती एकोणचाळीस वर्षांची होती. चाळिशीच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा कायमची खुर्ची आणि कायमचा पगार.

कुणी म्हणेल, फाट्यावरचं छोटं स्टेशन, त्यात काय मोठंसं? मोठ्या मार्गावरचं मोठं स्टेशन नव्हतं ते, हे खरंच. पण गावाच्या बाजूनं बघा. मोठ्या गाड्या निघून गेल्यावर उरलेल्या एकदोन गाड्यांवरच गावाचा सगळा व्यवहार टेकलेला असतो. ज्या गावात एसटीच्या दिवसातून दोनच फेऱ्या येतात, त्या गावाला त्या फेऱ्यांची किंमत विचारा. अशा ठिकाणी खिडकीत बसणारं माणूस कामसू आणि सरळ असलं तर गाव तगून राहतं. माल वेळेवर जातो, वजनात खोट होत नाही, म्हातारीला तिकीट नीट समजावून दिलं जातं.

केटनं हे काम सात वर्षं केलं. या सात वर्षांत कुठलाही पूल पडला नाही, वर्तमानपत्रांत मथळे आले नाहीत. एजंटचं काम नीट चाललं तर त्याची बातमी होत नाही. आपलंही तसंच असतं. गटाचं रजिस्टर वर्षानुवर्षं बिनचूक ठेवणाऱ्या बाईचा फोटो कुठं येत नाही, पण बँकेत गटाची पत टिकते ती तिच्यामुळे. मला वाटतं, केटची ही सात वर्षं त्या एका रात्रीइतकीच सांगण्यासारखी आहेत. ती रात्र तिच्यावर चालून आली होती. ही खुर्ची मात्र तिच्या कामाला शोभणारी होती. गाड्यांच्या वेळा, रूळ, कंदील, हिशोब हे सगळं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या रात्री रेल्वेनं तिच्यातली हिंमत पाहिली. तिच्यातली जाण ओळखून तिला काम द्यायला मात्र बावीस वर्षं लागली.

केटनं लग्न केलं नाही. आईजवळ राहिली, तिचं केलं. १९०९ मध्ये आई गेली. पुढच्याच वर्षी केटची शस्त्रक्रिया झाली, आणि तब्येत पुन्हा धड सावरली नाही. स्टेशनची नोकरी सोडावी लागली. शेवटचे दिवस भावाकडे काढले. २१ जानेवारी १९१२ रोजी मूत्रपिंडाच्या आजारानं ती वारली. पन्नाशीही गाठली नाही. तिच्या अंत्यविधीसाठी नातलग आणि गावकऱ्यांना न्यायला रेल्वेनं खास गाडी सोडली, आणि ती गाडी तिच्या घराशी येऊन थांबली. बून इथल्या दफनभूमीत ती आईवडिलांच्या लोकांत विसावली.

तिचं नाव अजूनही आहे. बूनचा तो उंच पूल लोकांनी तिच्याच नावानं ओळखायला सुरुवात केली. २००९ मध्ये शेजारी नवा पूल झाला, त्यालाही तिचंच नाव मिळालं. १९५५ पासून काही वर्षं शिकागोहून सुटणारी एक प्रवासी गाडी तिच्या नावानं धावत होती. मॉइंगोनाला स्टेशनच्या जागी तिच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे.

मैत्रिणींनो, ही गोष्ट इतक्या लांबची असली तरी तिच्यातला प्रश्न आपल्या ओट्यावरचा आहे. आपल्याकडे बाईनं काही धाडसाचं, कष्टाचं काम केलं की सत्कार होतो. शाल, श्रीफळ, एखादी ट्रॉफी, हार, फोटो. करोनाच्या काळात दारोदार फिरलेल्या आशा ताईंना आपण योद्ध्या म्हणालो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही भारतातल्या आशांचा गौरव केला. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच आशा ताईंना मानधनासाठी महाराष्ट्रात संपावर जावं लागलं, हेही आपण पाहिलं आहे. शाल अंगावर घेऊन बाई घरी येते तेव्हा चूल तीच असते, उधारीची वही तीच असते.

मी सत्काराच्या विरुद्ध नाही. मान मिळाला की बाईची मान ताठ होते, घरातल्यांची नजर बदलते, लहान मुलींना बघून बळ येतं. पण मानाबरोबर आणखी एक गोष्ट आपण मागायला शिकलं पाहिजे. जिनं ऐन वेळी शहाणपणानं काम केलं, तिला त्या कामाचीच जागा द्या. पुरात गावाला सावध करणारी पोरगी असेल तर तिला आपत्ती व्यवस्थापनाच्या गावसमितीत घ्या, प्रशिक्षणाला पाठवा. गटाचे हिशोब तोंडपाठ असणारी बाई असेल तर बँक सखीच्या कामासाठी तिचं नाव सुचवा. आणि काम दिलं की पैसे ठरवून द्या, लेखी द्या, वेळेवर द्या.

दुसरी गोष्ट खिडकीची. केटच्या गावात सगळा व्यवहार स्टेशनच्या खिडकीतून व्हायचा. आपल्या गावातल्या खिडक्या वेगळ्या आहेत. दूध संकलन केंद्र, रेशन दुकान, विकास सोसायटी, टपाल, ग्रामपंचायतीतला संगणक. या खिडक्यांच्या बाहेर रांगेत आपण रोज उभ्या असतो. आत कोण बसलं आहे, तिथं आपली बाई का नाही, आणि तिथं बसायला काय शिकावं लागतं, हे विचारायला हरकत नाही. खिडकीत आपली बाई बसली की रांगेतल्या म्हातारीला अंगठा कुठं लावायचा ते कुणीतरी नीट सांगतं. दुधाची फॅट किती लागली, ते विचारायला सूनबाईला भीती वाटत नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की दहा मिनिटं काढा आणि दोन प्रश्नांवर बोला. पहिला प्रश्न. आपल्या गावात गेल्या काही वर्षांत कोणकोणत्या बाईचा सत्कार झाला, आणि तिचं पुढं काय झालं? तिच्या घरी जाऊन विचारा. दुसरा प्रश्न. गावातल्या कुठल्या एका खिडकीत येत्या वर्षभरात आपल्यातली एकजण बसू शकेल? तिचं नाव ठरवा, त्यासाठी लागणारे कागद कोणते ते लिहून काढा, आणि गटाच्या ठरावात नोंदवा.

केट शेलीला मॉइंगोनाच्या त्या खुर्चीपर्यंत पोचायला बावीस वर्षं लागली. आपल्या गावातल्या केटला एवढं थांबायला लावू नका.

 काळजी घ्या. पावसाचे दिवस आहेत, ओढ्याला पाणी असेल तर लेकरांना एकटं पाठवू नका.